पन्नास पावलांवरून फाइव्ह नाइन

मी भोसरीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दिवसभर हातात तारेतला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर असतो, तोही डीसी अँपिअर मोजणारा. ज्या संध्याकाळी मी साडेअठरा हजारांना फसलो, त्या संध्याकाळी हा मीटर माझ्यापासून दहा पावलांवर, माझ्याच गाडीच्या डिकीत होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून ‘याला एवढंही कळू नये?’ असं तुम्ही म्हणणारच. कळत होतं हो. पण त्या वेळी मी मेंटेनन्सवाला नव्हतो, नवा कोरा हॅम होतो, म्हणजे परवाना काढून हौसेने बिनतारी संचावर बोलणारा.

रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना हातात पडला आणि व्हीयू३ ने सुरू होणारा कॉल साइन, म्हणजे हवेतलं आपलं नाव, मिळाला, त्यानंतरचे सहा महिने पाच वॅटच्या हँडीवर, म्हणजे हातातल्या छोट्या संचावर, काढले. हँडी घराच्या गच्चीवर छान चालते. गाडीत बसून बोलायला लागलं की पत्र्याच्या डब्यातून हाक मारल्यासारखं होतं. चांदणी चौक ओलांडून पिरंगुटच्या पुढे गेलं की ओळखीचे आवाज एकेक करून गळतात, आणि ताम्हिणीत तर काहीच उरत नाही. आमच्या चार-पाच जणांचा पावसाळ्यात तिकडे जायचा नेम आहे, मोबाइलला रेंज नसते. म्हणून गाडीत कायमचा रिग, म्हणजे मोठा बिनतारी संच, बसवायचा, हे ठरलं.

रिग कसा हवा हे मी नीट ठरवलं होतं, त्यात चूक नव्हती. दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर असे तरंगांच्या लांबीवरून ओळखले जाणारे फ्रिक्वेन्सींचे दोन्ही पट्टे, म्हणजे बँड, आपल्याकडचे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. पॉवर पन्नास वॅटच्या आसपास. पुढचा चेहरा सुटा होणारा, म्हणजे मूळ डबा सीटखाली आणि फक्त पट्टी डॅशबोर्डवर. पुण्याच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर अख्खा रिग ठेवला तर बोलायला लागायच्या आधीच तो तापलेला असतो. वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून नाही, थेट बॅटरीवरून, दोन्ही तारांना बॅटरीजवळ फ्यूज लावून. एवढं सगळं वहीत लिहिलं होतं. विकत घेताना काय तपासायचं, ते पान मात्र वहीत नव्हतं.

नवा घ्यायचा तर बजेट पुरेना. जुन्याच्या शोधात असताना एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. जपानी कंपनीचा ड्युअल बँड, पन्नास वॅट, मूळ माइक, ब्रॅकेट, सुटा करायची केबल, सगळं. खाली मजकूर होता: काका सायलेंट की झाले, त्यांची शॅक मोकळी करतोय, योग्य माणसाच्या हाती जावं एवढीच इच्छा.

हॅमची रेडिओची खोली म्हणजे शॅक, आणि हॅम वारला की त्याला सायलेंट की म्हणतात. बाहेरच्या माणसाला हा शब्द माहीत नसतो. तो वाचला आणि मी निम्मा तिथेच फसलो. फोन केला तर समोरचा बोलायला गोड. ‘ओएम, तुम्ही कुठून? कोथरूड? वा!’ अशी सुरुवात. ओएम म्हणजे ओल्ड मॅन, हॅम एकमेकांना अशीच हाक मारतात. शेवटी ‘सेव्हन्टी थ्री’ हा हॅमांचा निरोपाचा शब्द म्हणून फोन ठेवला. काकांचा कॉल साइनही सांगितला. मी क्यूआरझेड डॉट कॉम या कॉल साइनच्या यादीवर जाऊन पाहिलं, कॉल साइन खरा होता, पत्ता पुण्याचा. माझं समाधान झालं. कॉल साइन खरा आहे म्हणजे हा त्यांचा पुतण्या आहे, हे कुठे सिद्ध होतं? पण आपल्या बिरादरीची भाषा बोलणारा माणूस आपलाच वाटतो. तपकीर गल्लीत चाळीस रुपयांची केबल घेताना मी ती तीनदा वाकवून पाहतो. इथे साडेअठरा हजारांना मान डोलावली.

दोन गोष्टी तेव्हाच खटकायला हव्या होत्या. मी परवान्याची प्रत घेऊन येतो म्हटलं, तर तो म्हणाला, ‘राहू द्या हो ओएम, आपल्यात कसला कागद!’ जुने हॅम रिग विकताना घेणाऱ्याच्या परवान्याची झेरॉक्स हक्काने मागून ठेवतात, आणि दोघांच्या सह्यांच्या कागदावर सिरियल नंबर लिहितात. उगाच नाही. परवाना नसताना बिनतारी संच नुसता जवळ बाळगणं हासुद्धा १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. दुसरी गोष्ट, तो कौतुकाने म्हणाला, ‘सेट पूर्ण ओपन केलेला आहे, १३६ ते १७४ सगळीकडे ट्रान्समिट होतं.’ म्हणजे आपल्या बँडच्या बाहेर, दुसऱ्यांच्या फ्रिक्वेन्सींवरही. ही अवदसा आहे, तिचं कौतुक नसतं. मी ‘अच्छा’ म्हणून सोडून दिलं.

भेट वारज्याजवळ, हायवेच्या कडेला एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये ठरली. शनिवार, साडेसात, अंधार पडत आलेला. तो मोटारसायकलवर आला. सॅकमधून रिग काढला, फडक्याने पुसला. यूपीएसमध्ये असते तसली सात अँपिअर-अवरची छोटी बॅटरी काढली. रिगच्या मूळ जाड केबलऐवजी स्पीकरला वापरतात तसली बारीक तांबडी-काळी जोडी, टोकाला मगरचिमटे, फ्यूज कुठेच नाही. स्क्रीन उजळला. कुणाचं तरी बोलणं खणखणीत ऐकू आलं. मग त्याने मला त्याची हँडी दिली आणि म्हणाला, ‘जा ओएम, तिकडे कोपऱ्यात, त्या टपरीपाशी जा.’

मी पन्नास पावलं गेलो. त्याने माइक दाबला. हँडीवरची सिग्नलची पट्टी शेवटपर्यंत गेली.

‘कसं येतंय ओएम?’

‘फाइव्ह नाइन!’ मी ओरडून म्हणालो, हँडीवर बोलायचं विसरून. फाइव्ह नाइन म्हणजे आवाज स्वच्छ, सिग्नल जोरदार. टपरीवाला बघायला लागला.

परत आलो तर त्याने माइक पुन्हा दाबून रिगचा स्क्रीन दाखवला. पॉवरची पट्टी पूर्ण भरलेली, बाजूला ‘हाय’. ‘बघा, फुल पॉवर.’ मी यूपीआयवर पैसे पाठवले. निघताना त्याने हात जोडून सांगितलं, ‘काकांचा जीव होता यावर, सांभाळा.’

आता त्या पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर काय होतं ते बघा. पन्नास पावलांवर सिग्नल पूर्ण येणार नाही तर काय होणार? मध्ये आडोसा नसेल तर अर्ध्या वॅटचा सिग्नलही काही किलोमीटर जातो. रिगवरची ती पट्टी बऱ्याच संचांत फक्त आपण कोणती पॉवर निवडली ते सांगते, अँटेनाकडे खरोखर किती गेली याचा तिला पत्ता नसतो. ऐकू खणखणीत येत होतं, पण ऐकणारा भाग वेगळा आणि पाठवणारा वेगळा, एक धडधाकट असून दुसरा मेलेला असू शकतो. आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे ती तार. पन्नास वॅट बाहेर पाठवायला रिग बॅटरीतून दहा अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढतो. त्या सुतळीसारख्या तारेतून आणि त्या इवल्या बॅटरीतून दहा अँपिअर जात असते, तर माइक दाबताच व्होल्टेज पडून स्क्रीन मंदावला असता, तार कोमट तरी झाली असती. स्क्रीन हललासुद्धा नाही. कारखान्यात एखाद्या पोऱ्याने दहा अँपिअरला तसली तार लावली असती, तर मी त्याला झापला असता.

रविवारी दिवसभर खपून रिग बसवला. चार चौरस मिलिमीटरची तार बॉनेटमधून आत घेतली, फ्यूज लावले, छपरावर चुंबकाचा माउंट, दोन मीटरसाठी पाव तरंगाचा अँटेना, साधारण अर्ध्या मीटरचा. अँटेनाकडे गेलेल्या पॉवरपैकी किती परत येते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर लावून पाहिला तर काटा जागचा फारसा हलेना. मला वाटलं मीटर बिघडला. पुढच्या रविवारी सकाळी आमच्या मंडळींचं बोलणं घरासमोर गाडीत बसून स्वच्छ ऐकलं. मी हाक मारली, कुणी उत्तर देईना. हँडीवरून हाक मारली, तर तिघांनी एकदम उत्तर दिलं.

विकणाऱ्याला फोन लावला. तो अजिबात गडबडला नाही. ‘ओएम, तुम्ही स्वतः फिटिंग केलंत ना? एसडब्ल्यूआर जास्त असताना माइक दाबला असणार. फायनल उडवलीत तुम्ही. माझ्याकडे तर चालत होता, तुम्हीच फाइव्ह नाइन दिलंत.’ फायनल म्हणजे सिग्नल वाढवणारा शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर. दोन दिवस मी स्वतःलाच दोषी धरत होतो. अशा व्यवहारांत खरी मेख इथे असते. बिघाड तुमच्या हातून झाला असं तुम्हालाच पटावं, याची सोय आधीच केलेली असते.

सदाशिव पेठेत एक जुने हॅम राहतात, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे रिग नेला. त्यांनी पहिलं काय केलं तर अँटेनाच्या जागी डमी लोड लावला, मध्ये वॅटमीटर. डमी लोड म्हणजे पन्नास ओहमचा रेझिस्टर, सगळी पॉवर उष्णतेत घालवणारा. त्यावर अँटेनाचा काही दोष उरत नाही. माइक दाबला. अर्धा वॅटसुद्धा नाही. माझा क्लॅम्प मीटर अखेर कामाला आला: ऐकताना अर्धा अँपिअर, बोलताना दीड.

मग काकांनी झाकण उघडलं. स्क्रूची तोंडं आधीच झिजलेली. भिंग माझ्या हातात देत म्हणाले, ‘हे बघ, इथे.’ हीटसिंकला चिकटवलेला शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर जागेवर नव्हताच. त्याच्या जागी वाळून पांढरी पडलेली पेस्ट, आणि आधीच्या टप्प्यापासून पुढच्या फिल्टरपर्यंत केसाएवढ्या तारेने टाकलेला एक इवलासा कपॅसिटर. म्हणजे आधीच्या टप्प्याची चिमूटभर पॉवर मेलेल्या ट्रान्झिस्टरला वळसा घालून तशीच बाहेर जात होती, पन्नास पावलांपुरती. सोल्डरच्या त्या डागावर धूळ बसलेली होती. काकांनी बोट फिरवून दाखवली. ‘ही आठ दिवसांची धूळ नाही रे. तू काही उडवलेलं नाहीस.’

त्या वाक्याने मला साडेअठरा हजारांपेक्षा जास्त दिलासा दिला, हेही खरं.

विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झाला होता. चौकीवर गेलो. तिथे पहिली पंधरा मिनिटं हा वॉकीटॉकी मी कशाला बाळगतो, हे समजावण्यात गेली. परवाना दाखवला म्हणून निभावलं. वस्तू मिळाली आहे, बघून घेतली आहे, लेखी काही नाही, अर्ज देऊन ठेवा, असं झालं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली, पैसे यूपीआयने दिल्याचा तेवढा पुरावा. काकांनी ओळखीत चौकशी केली. ज्यांचा कॉल साइन त्याने सांगितला होता ते गृहस्थ खरोखर वारले होते, पण घरच्यांनी काहीच विकलेलं नव्हतं. त्यांची शॅक अजून तशीच झाकून ठेवलेली आहे.

रिग अजून गाडीत आहे. ऐकायला उत्तम चालतो. बोलायला मी हँडी घेतो. बायको म्हणते, साडेअठरा हजारांचा ट्रान्झिस्टर घेतलात.

ग्रुपवर मी हे सगळं फोटोंसकट टाकलं होतं. गेल्या महिन्यात हडपसरच्या एका नव्या पोराचा फोन आला. काकांची शॅक, जपानी रिग, ‘योग्य माणसाच्या हाती’, सगळं तेच, नंबर नवा. भेट स्वारगेटला ठरलेली. मी पोराला एवढंच सांगितलं की विकणाऱ्याला फोन करून विचार, डमी लोड आणि वॅटमीटर घेऊन येऊ का.

दहा मिनिटांनी पोराचा परत फोन. ‘दादा, तो म्हणतो डमी लोड लावला तर सेट जळतो.’

‘मग?’

‘मग काय, मी मगरपट्ट्यापाशी आलो होतो, गाडी वळवली.’