‘त्याला सांगू नका’ म्हणणाऱ्याची पुडी

सोलापूरच्या पूर्व भागात ही फसवणूक ठरल्यासारखी होते. विड्या कारखान्यात देऊन घरी निघालेल्या बाईला कुणीतरी नवऱ्याची दारू सोडवणाऱ्याचा नंबर देतं. फोनवरचा माणूस म्हणतो, ‘तुमच्या मालकांना कळू द्यायचं नाही. चहात नाहीतर आमटीत चिमूटभर टाका, एकवीस दिवसांत बाटलीकडे बघणार नाहीत.’ पैसे आधी. हातात येते ती कागदाची पुडी. तिच्यावर नाव नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही, तारीख नाही. पावती तर नाहीच.

‘सांगू नका’ ही अट विकणाऱ्याला वाचवते. बिघडलं तर बाईला आधी कबूल करावं लागतं की नवऱ्याच्या जेवणात मी काहीतरी घातलं. तिथेच ती गप्प बसते आणि तो पुढच्या घरी जातो.

पुडीत नुसती माती-मुळं असली तर पैसेच जातात. मग ‘पथ्य मोडलं, आंबट खाल्लं’ म्हणून दुसऱ्या कोर्सचे पैसे मागतात. खरी भीती आहे ती गुण येणाऱ्या पुडीची. तिच्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायला डॉक्टर देतात ती गोळी, कुटून घातलेलं असू शकतं. दारूचं लिव्हरमध्ये आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं आणि मग ते मोडतं. हे औषध ते मोडणंच अडवतं. वर दारू पोटात गेली की दहा ते तीस मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं. हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. औषध बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. आसव-अरिष्टात आणि काही खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असतं, तेही चालत नाही. म्हणून डॉक्टर हीच गोळी देतात तेव्हा रुग्णाला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, लिव्हर आणि हृदय तपासून देतात. शेवटच्या घोटाला किमान बारा तास झालेले असावे लागतात. चोरून देणाऱ्याला यातलं काहीच पाळता येत नाही.

दुसरा घात अचानक दारू तोडण्याचा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही. पुडीवाला फोनवर सांगतो, ‘विष बाहेर पडतंय, दवाखान्यात नेऊ नका.’ हे ऐकून खोलीला कडी लावू नका. फिट आली, भ्रम झाला किंवा पुडीनंतर वरची लक्षणं दिसली तर १०८ ला फोन करा, उरलेली पुडी सोबत न्या आणि काय दिलं, कधी दिलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तिथे लाजू नका.

पैसे गेले त्याहून मोठं नुकसान नंतर दिसतं. कळल्यावर नवरा घरचं ताट बाजूला सारतो, बायकोच्या हातचा चहाही घेत नाही. पुढची वर्षं ज्या विश्वासावर काढायची, तोच तुटलेला असतो.

बोलायचंच तर सकाळी, तो शुद्धीत असताना बोला. ‘सोड’ एवढंच म्हणू नका. ‘सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जाऊ, मी बरोबर येते’ असं म्हणा. तो नाही म्हणाला तरी तुम्ही एकट्या १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर विचारू शकता. दारू सोडणाऱ्यांच्याच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या बैठकांना फी नसते. दारू तुटणं आठवड्या-दोन आठवड्यांत होतं, पण ओढ कित्येक महिने टिकते. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, जुने मित्र, यांत पाय घसरतो. घसरला तर उपचार वाया गेले असं समजू नका. त्याच आठवड्यात परत तपासणीला न्या. एकवीस दिवसांची हमी देणारा या महिन्यांबद्दल चकार शब्द काढत नाही.

पुडी घरात पडून असेल तर फेकू नका. कागदासकट बंद डब्यात ठेवा, पैसे पाठवल्याची नोंद आणि फोनवरचे मेसेज जपा, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्या.