इंजिन स्टँडचे बोल्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन पावसाळ्याच्या तोंडावर स्टँडवर, म्हणजे इंजिन मागच्या बाजूने धरून अधांतरी ठेवणाऱ्या घोडीवर चढवलं होतं, ते आता उतरवलं. स्टँड कुठला घ्यावा यावर सगळे बोलतात. ज्या चार बोल्टांवर अख्खं इंजिन लटकतं, त्यांच्याबद्दल मात्र फारसं कुणी सांगत नाही.

स्टँडसोबत आलेल्या बोल्टांच्या डोक्यावर ग्रेडचा आकडाच नव्हता, म्हणून ते बाजूला ठेवले आणि १०.९ ग्रेडचे हाय टेन्साइल घेतले (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा आकडा, जास्त तितका मजबूत). खरं तर एवढ्या इंजिनाला ८.८ सुद्धा पुरतो. पण इंजिन एका बाजूने अधांतरी असतं, वरच्या दोन बोल्टांवर सतत ओढ येते, त्यामुळे थोडा जास्त भरवसा बरा.

ग्रेडपेक्षा आट्यांकडे जास्त लक्ष द्या. १० मिमी बोल्ट १.५ पिचमध्येही मिळतो आणि १.२५ मध्येही (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये). चुकीच्या पिचचाही दोन-तीन आटे आत जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावून रेटला की ब्लॉकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याचे, आटे गेलेच, कारण या इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे. स्टँडचे बोल्ट गिअरबॉक्सच्याच भोकांत जातात, म्हणून गिअरबॉक्स सोडवताना निघालेला बेल हाउसिंगचा (गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडणाऱ्या भागाचा) जुना बोल्ट दुकानात घेऊन जा आणि पिच गेज लावूनच नवा घ्या. घरी आल्यावर तो शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे.

लांबीचा हिशोब असा: स्टँडच्या दांडीची (इंजिनाला धरणाऱ्या हाताची) नळी, अधिक वॉशर, अधिक ब्लॉकमध्ये जाणारे आटे. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्टच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट आटे धरले पाहिजेत, म्हणजे १० मिमीला १५ ते २० मिमी. भोक आरपार नसेल तर आधी खोली मोजा. बोल्ट तळाला टेकला की पान्याला घट्ट लागतो, पण दांडी सैलच राहते. भोकात तेल साचलं असेल तर तेही पुसून काढा. कोंडलेल्या तेलाच्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. टोकापर्यंत आटे असलेला बोल्ट टाळा. नळीत गुळगुळीत भाग येईल असाच घ्या, आट्यांच्या खाचेत बोल्ट लवकर वाकतो. डोक्याखाली जाड, कडक वॉशर हवाच. पातळ वॉशर दांडीच्या खाचेत दबून वाटीसारखा होतो आणि पकड जाते.

एवढ्या महिन्यांत हेड उतरवलं, इंजिन उलटं करून संप (खालचं तेलाचं भांडं) काढला, स्टँड शेडच्या उंबऱ्यावरून ढकलत नेला. इंजिन फिरवलं की दर वेळी चारही बोल्टांना पाना लावून बघायचो. पहिल्या काही दिवसांत वरचे दोन किंचित फिरले, नंतर हलले नाहीत. एकच तक्रार, काळ्या रंगाचे बोल्ट पावसाळी हवेत गंजतात. उघड्या डोक्यांवर ग्रीसचा हात फिरवत राहावं लागलं.

फ्लायव्हील (इंजिनाच्या मागचं जड चाक) स्टँडवर बसवता येत नाही, कारण त्याच बाजूला स्टँड असतो. त्यासाठी इंजिन चेन ब्लॉकला (साखळीच्या कप्पीला) टांगून बोल्ट काढले. काचेवर लोळवून पाहिले, चारही सरळ आहेत. ब्लॉकच्या आट्यांत गिअरबॉक्सचे मूळ बोल्ट बोटांनीच बसले.