होम्सच्या चाहत्यांनो, ‘शेरलॉक’ बघाच

बीबीसीची ही मालिका २०१० मध्ये सुरू झाली. आजचं लंडन, हातात मोबाइल, पण होम्स अस्सल! मूळ कथेत खिशातल्या घड्याळाच्या चावीच्या भोकाभोवतीचे ओरखडे बघून तो मालकाचं दारूचं व्यसन ओळखतो. इथे तेच ओरखडे मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकाभोवती आहेत. सदाशिव पेठेतले आमचे अण्णा होम्सच्या मराठी अनुवादांवर वाढलेले. त्यांनी हा प्रसंग लगेच पुन्हा लावायला लावला. होम्सचा मित्र वॉटसन मूळ कथांमध्येही अफगाणिस्तानातून जखमी होऊन परतला होता, आताही तिथूनच येतो. चर्र होतं काळजात. होम्स झालेला कंबरबॅच भन्नाटच, पण माझा जीव फ्रीमनच्या वॉटसनवर. चौथा सीझन जरा भरकटलाय. पहिले दोन मात्र अजिबात चुकवू नका. एकेक भाग दीड तासाचा आहे, जेवणं लवकर उरकून बसा.