जुन्या मारुती ८०० ला वीजगाडी करताना : लेड-ॲसिड की लिथियम?

इंजिन काढलं, मोटर बसली, की खरा प्रश्न बॅटरीचा. आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून निवड विचारपूर्वक करावी.

७२ व्होल्टसाठी १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-अवरच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या लागतात. एकेक साधारण ३० किलोची, म्हणजे १८० किलो. मूळ गाडीच जेमतेम साडेसहाशे किलोची! मागच्या स्प्रिंगा दबतात, ब्रेकवर ताण येतो. शिवाय निम्म्याहून जास्त रिकाम्या केल्या की आयुष्य झपाट्याने घटतं, आणि उन्हाळा ते आणखी कमी करतो. म्हणून निम्मीच क्षमता वापरायची; हाती येतात साडेतीन युनिट. किलोमीटरला १०० वॅट-अवर (०.१ युनिट) धरले तर पस्तीसेक किलोमीटर. भुसावळला जाणं होईल, परतणं नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटचे तेवढ्याच अँपिअर-अवरचे २४ सेल, पेटीसकट साठेक किलो. ८० टक्के वापरले तरी सहा युनिट मिळतात. भुसावळ जाऊन-येऊन होतं. सुरुवातीचा खर्च मात्र बराच जास्त, आणि प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी यंत्रणा (बीएमएस) हवीच. सेल ४५ अंशांवर तापलेले असताना चार्जिंग टाळा. मी तर रात्रीच लावा म्हणेन.

लेड-ॲसिड शेतावर, गावातल्या गावात ठीक. रोजच्या रस्त्यासाठी माझं मत लिथियमलाच.

दोन्हींत एक अट सारखीच : एआयएस-१२३ (जुन्या गाडीला वीजगाडी करण्याच्या किटचं भारतीय मानक) नुसार मंजूर किट आणि आरसीवर आरटीओची नोंद. त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.