स्ट्रीट फायटर ६, नऊ महिन्यांनंतर: झिजला तो डावीकडचा बाण

परवा रात्री स्ट्रीट फायटर ६ हा मारामारीचा गेम खेळताना कंट्रोलरने मान टाकली. प्लॅटिनम रँकमधला सामना, एकेक राउंड झालेला, मी डावीकडच्या कोपऱ्यात अडकलेलो. मागचा बाण गच्च दाबून धरलाय आणि तरी माझा झँगिफ, म्हणजे मी खेळतो तो पैलवान, छाती उघडी टाकून मार खातोय. आधी वाटलं अंगठा घसरला. सामना गेल्यावर प्रॅक्टिसमध्ये शिरलो, इनपुटची पट्टी चालू केली आणि डावा बाण दाबून धरला. पट्टीवर बाण दिसायचा, मध्येच जायचा, पुन्हा यायचा. मी ब्लॉक करत होतो, कंट्रोलर सोडून देत होता.

कंट्रोलर अकरा महिन्यांचा, वॉरंटी वर्षाची. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या माणसाने बटण दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाला, "हे वापराने झिजलंय, फिजिकल डॅमेजमध्ये जातं." बटण दाबायलाच असतं, दाबून झिजलं तर तो माझा गुन्हा कसा, हे मी तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. उत्तर एकच मिळालं: पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, चौदाशे रुपये, तीन आठवडे. बावीसशेच्या वस्तूला चौदाशे! बिल आणि खोका पिशवीत घालून परत आलो. कंपनीचं नाव इथे घेत नाही. माझा राग त्या नियमावर आहे, आणि तो नियम बहुतेक सगळ्यांचाच असतो.

पण तोच एक बाण का झिजला, हे सांगितल्याशिवाय या गेमबद्दल मला काही सांगताच येणार नाही. पात्रांची यादी, मोड, ग्राफिक्स यांबद्दल २०२३च्या जूनपासून भरपूर लिहून झालंय, त्यामुळे ते सोडतो.

मी मुळात टेकन या दुसऱ्या मारामारीच्या गेमचा माणूस. २०१८ ते गेली दिवाळी, फक्त टेकन ७ आणि त्यातही फक्त किंग, जग्वारचा मुखवटा घालणारा पैलवान. २०१९ साली लाहोरच्या अर्सलान ॲशने आधी जपानमधली आणि मग लास व्हेगासची इव्हो ही मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा बडोद्यात रावपुऱ्यातल्या आमच्या घरी मी रात्र जागून सामने पाहिले होते. फुजिन रँकपर्यंत पोचलो, अडीच हजार तास घातले. जानेवारी २०२४ला टेकन ८ आला आणि जुन्या गेमात रात्री सामने मिळेनासे झाले. टेकन ८ शंभर जीबी जागा मागतो. माझी एसएसडी २५६ जीबीची आणि तिच्यात ऑफिसचं कामही आहे. स्ट्रीट फायटर ६ साठ जीबीत बसतो, दिवाळीच्या सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळत होता, आणि पुण्याचा आतेभाऊ रोज फोन करत होता, "दादा, इकडे ये. महिनाभरात रुळशील."

महिन्याभरात रुळलो नाही. पहिल्याच आठवड्यात रँक ठरवणारे दहा प्लेसमेंट सामने खेळलो, दोन जिंकलो, आणि गेमने सिल्व्हरमध्ये बसवलं. सात वर्षांची मेहनत असलेल्या माणसाला ते फार लागतं. आता इतक्या महिन्यांनी शांतपणे पाहिलं तर त्या आठ पराभवांतले किमान सहा एकाच कारणाने झाले होते.

टेकनमध्ये उभं असताना हात मोकळे सोडले की ब्लॉक होतो. काहीही दाबलेलं नसलं तरी तुमचा गडी वरचे आणि मधल्या उंचीचे वार अडवतो. सलग माऱ्यात मागे दाबावं लागतं, खालच्या वारासाठी बसावं लागतं, पण पहिला वार मोकळ्या अंगठ्यावर अडतो. अडीच हजार तासांत माझ्या हाताने याचा एक साधा अर्थ लावून घेतला होता. काय करावं सुचलं नाही की अंगठा उचल, थांब, बघ. अंगठा उचलणं म्हणजे माझ्यासाठी ढाल होती.

स्ट्रीट फायटरमध्ये अंगठा उचलला की तुम्ही उघडे. ब्लॉक म्हणजे मागे दाबणं, दुसरी वाट नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी मांडवीजवळच्या पार्लरमध्ये जुना स्ट्रीट फायटर खेळलेलोच आहे. पण डोक्याला माहीत असणं आणि अंगठ्याला माहीत असणं यात केवढं अंतर आहे, ते मी या गेमात मोजलं. शत्रू धावून आला, मी विचार करायला थांबलो, अंगठा आपोआप वर, आणि तोंडावर हेवी पंच. दर सामन्यात पाच-सहा वेळा तरी हे व्हायचं. मी कॉम्बो शिकत होतो, लोकांचे व्हिडिओ पाहत होतो, आणि हरत होतो या एका गोष्टीमुळे.

दुसरी खोड माझी मला दिसलीच नाही, ती बाबांनी दाखवली. बाबा तरुणपणी दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाममंदिरात जायचे, मल्लखांब आणि कुस्ती दोन्ही. व्हिडिओ गेममध्ये त्यांना काडीचा रस नाही. डिसेंबरात एकदा चहा घेऊन मागे उभे राहिले, तीन-चार सामने बघितले आणि म्हणाले, "अरे, तो जवळ आला की तू उडी का मारतोस? खडाखडीत पाय जमिनीवर हवेत."

मी म्हटलं, "बाबा, मी उडी मारतच नाहीये."

"मग हा वर कोण जातोय?"

रिप्ले लावला. खरंच, दर वेळी तो टप्प्यात आला की माझा झँगिफ वर. टेकनमध्ये वरचा बाण हलकेच टिचकला की गडी बाजूला सरकतो, वार शेजारून निघून जातो. माझा अंगठा तेच करत होता. इथे बाजू नावाची गोष्टच नाही, सगळं एका रेषेत. वर म्हणजे उडी, आणि एकदा उडालात की खाली येईपर्यंत ब्लॉक नाही. समोरचा खाली शोर्यूकेन, म्हणजे वर उसळणारा ठोसा, घेऊन तयार. मी बाजूला सरकतोय या समजुतीत महिनाभर लोकांच्या मुठीवर जाऊन पडत होतो. बाबांनी एका पेल्या चहात जे पाहिलं ते मला महिन्यात दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून ते अधूनमधून बसतात, पटाला येतोय, हात दे, असं सांगतात, आणि आश्चर्य म्हणजे निम्म्या वेळा बरोबर असतात.

मग मी उपाय काढला: मागे-खाली दाबून धरायचं आणि सोडायचंच नाही. टेकनमध्ये बसून राहणं धोक्याचं, मधले वार बसलेल्याला लागतात. इथे बसून ब्लॉक धरला की पकडी, उडीतले वार आणि बसलेल्याला लागणारे मोजके ओव्हरहेड सोडले तर सगळं अडतं. जानेवारीत उत्तरायणाला सगळं बडोदं गच्चीवर पतंगाला होतं आणि मी खाली खोलीत मागे-खाली दाबून बसायचा सराव करत होतो. गोल्डमध्ये पोचलो. तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, हा गेम टेकनपेक्षा सोपा आहे, एक कोपरा दाबून धरा आणि वाट बघा.

हे मत फेब्रुवारीत मागे घ्यावं लागलं. टेकन ७मध्ये ब्लॉक फुकट होता, इथे ब्लॉकला किंमत आहे. ड्राइव्ह नावाच्या ताकदीच्या पट्टीची सहा घरं असतात आणि नुसते वार अडवत बसलात तरी ती झिरपत जातात. सहाही रिकामी झाली की बर्नआउट: अडवलेल्या प्रत्येक वारानंतर चार फ्रेम (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) जास्त अडकून राहायचं, स्पेशल वार अडवूनही रक्त कमी होणार, आणि त्या अवस्थेत भिंतीला टेकून ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार वार अडवला तर सरळ चक्कर येऊन गडी सुन्न. म्हणजे मी ज्याला किल्ला समजत होतो त्याच्या भिंती रोज विरघळत होत्या. सुरुवातीला मला ही लबाडी वाटली. बचाव शिका म्हणायचं आणि बचाव केला की दंड! आता वाटत नाही. घरं रिकामी होताना दिसली की उठून काहीतरी करावंच लागतं, आणि सामना रेंगाळत नाही. माझ्या टेकनमध्ये मी शेवटचे वीस सेकंद आघाडी घेऊन मागे-मागे पळत काढलेले सामने भरपूर आहेत. ते इथे जमत नाही आणि त्याची मला खंत नाही.

झँगिफ निवडला तो किंगमुळे. पैलवानाने पैलवान घ्यायचा, एवढाच विचार होता. पण पकडीचं गणित दोन्हीकडे अगदी उलट आहे. किंगची पकड सुटते. समोरचा कुठला हात पुढे येतोय ते बघून डावा पंच, उजवा पंच किंवा दोन्ही दाबतो आणि निसटतो. चांगल्या खेळाडूंवर माझ्या निम्म्या पकडी वाया जायच्या. झँगिफचा स्क्रू पाइलड्रायव्हर एकदा लागला की सोडवता येत नाही. टप्प्यात यायच्या आत उडी मारा, लांब राहा, नाहीतर डोक्यावर आपटून घ्या. लाइट पंचने केला तर लांबून पकडतो आणि कमी दुखवतो, हेवीने केला तर अगदी अंगाला भिडावं लागतं पण दणका मोठा. ड्राइव्ह पॅरी धरून उभे राहणारे लोक प्लॅटिनममध्ये खूप आहेत. पॅरीने वार गिळला जातो, पकड गिळली जात नाही, उलट दंड जास्त बसतो. पॅरीचा निळा झोत दिसला की मी पुढे सरकून पकडीसाठी बाणांवर अंगठा गोल फिरवतो, आणि तो आवाज ऐकून आतून आईही विचारते, "पडला का तो?"

गोल फिरवणं मात्र सोपं नाही. पूर्ण चक्कर मारताना अंगठा वरच्या बाणावरून गेला की उडी निघते. तीन महिने माझा झँगिफ पकडीऐवजी उडी मारायचा. दुसरा वार चालू असतानाच चक्कर उरकायची, ही युक्ती हाताला बसायला एप्रिल उजाडला.

एका गोष्टीसाठी मी या गेमला मनापासून दुवा देतो. प्रॅक्टिसमधला फ्रेम मीटर. वार सुरू व्हायला किती फ्रेम, लागायला किती, सावरायला किती, सगळं रंगीत घरांत खाली मांडून दाखवतो, आणि तेही गेमच्या किमतीत. टेकन ७मध्ये हेच आकडे गेमच्या आत बघायला वेगळे पैसे मोजावे लागायचे. मी ते कधी मोजले नाहीत, वहीत हाताने तक्ते उतरून घेतले होते. दहा फ्रेमच्या जॅबची ती वही इथे कामाची नाही, कारण इथे चार फ्रेमचे वार आहेत आणि मी 'सुरक्षित' समजून सोडत होतो ते वार इथे शिक्षेला पात्र ठरतात. पण वही परत लिहून काढताना मीटर समोर असणं म्हणजे शिकवायला कोणी शेजारी बसल्यासारखं आहे.

मॉडर्न कंट्रोल मी दोन आठवडे वापरले. एका बटणात स्पेशल निघतो, त्याबदल्यात मार वीस टक्के कमी. वाईट नाहीत. आतेभाऊ त्यावरच खेळतो आणि मला हरवतो. मला चक्कर हातानेच मारायची होती म्हणून क्लासिकवर परत आलो. नेटचं म्हणाल तर वायफाय सोडा, दहा मीटर लॅन केबल ओढा, दीडशे रुपयांत निम्मी तक्रार संपते.

मे महिन्याच्या सुट्टीत आतेभाऊ बडोद्याला आला तेव्हा आम्ही हौसेने टेकन ७ लावला. मी किंग घेतला. तीन सामन्यांतच कळलं, माझा किंग सारखा मागे-मागे चाललाय. मी अंगठा सोडतच नव्हतो. बाजूला सरकायची टिचकीही निघेना, वरच्या बाणाला हात लावायची भीती बसलेली. भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे जायचो आणि तिथे मार खायचो. आतेभाऊ म्हणाला, "दादा, हा तुझा किंग नाही." मी गेम बंद केला आणि सुरसागरच्या कडेला जाऊन आम्ही दोघांनी शेवउसळ खाल्ली. मला खरंच वाईट वाटलं. नवं शिकताना जुनं तसंच कपाटात राहील, कधीही काढून घालता येईल, असं मी धरून चाललो होतो.

तर तो बाण. साडेचारशे तासांपैकी किती तास मी तो दाबून धरला असेल, त्याचा हिशेब नको. सर्व्हिस सेंटरमधून आलो त्याच संध्याकाळी खंडेराव मार्केटकडच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे कंट्रोलर घेऊन गेलो. त्याने पाच मिनिटांत चार स्क्रू काढले, आतलं करडं रबर चिमट्याने उचलून उजेडात धरलं. उजव्या, वरच्या, खालच्या बाणाखालचे काळे ठिपके जाड आणि तुकतुकीत. डावीकडचा ठिपका मधोमध पांढरा पडलेला, कडेला नुसतं एक काळं वळं उरलं होतं.

"आनुं रबर घसाई गयुं छे, भाई," तो म्हणाला. "बोर्डने कंई नथी थयुं."

बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. जिथे चौदाशे रुपये आणि तीन आठवडे सांगितले होते तिथे काम होतं ते एका रबराचं. त्याने जुन्या कंट्रोलरमधून तसंच रबर काढून बसवलं, ऐंशी रुपये घेतले. मी आणखी एक मागून घेतलं, त्याचे चाळीस. वॉरंटी आता गेली, सील तुटलं, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

काल रात्री अकरानंतर चार सामने खेळलो, तीन जिंकलो. डावा बाण दाबला की आता जरा ताठ लागतो, अंगठ्याला जोर करावा लागतो. बाबा म्हणाले, नवीन आहे, होईल मऊ. दुसरं रबर कंपासपेटीत ठेवलंय.