एकाच वर्गात मशीनशॉप, पॅकहाऊस आणि आयसीयू : नाशिकमधल्या सुपरवायझर कोर्सचा रिव्ह्यू

अंबडच्या बाजूला भरणारा हा दोन दिवसांचा कोर्स. फी माणशी साडेसहा हजार, वर १८ टक्के जीएसटी, बॅच तीस जणांची. ‘सर्व क्षेत्रांसाठी नेतृत्व’ असं जाहिरातीत लिहिलंय आणि बॅचही तशीच भरते : सातपूर-अंबडच्या मशीनशॉपचे सुपरवायझर, दिंडोरी-पिंपळगावकडचे द्राक्ष पॅकहाऊसवाले, हॉस्पिटलच्या सिस्टर इनचार्ज, दोन-चार हॉटेलवाले. अशी मिसळण दुसरीकडे सहसा मिळत नाही. पण शिकवणारे तिघेही वाहन उद्योगातले आहेत आणि तिथलंच माप ते सगळ्यांना लावतात.

त्यांच्या हक्काचा भाग मात्र अव्वल आहे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचं, एकच उदाहरण चालतं. इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) धार झिजत जाते, पीसचा साइज मायक्रॉन-मायक्रॉनने सरकतो. तासाला एक पीस तपासायचा नियम आहे आणि अकराच्या तपासणीत पीस बाद निघाला, तर दहाच्या ओके पीसनंतरचा सगळा माल संशयित. सायकल टाइम ९० सेकंद धरला तर ४० पीस. ते लाल ट्रेमध्ये काढून शंभर टक्के तपासायचे. इथे सुपरवायझरने पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ असा विचारला, की पुढच्या वेळी ऑपरेटर ऑफसेट (मशिनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती) गुपचूप बदलतो, सापडलेला पीस स्क्रॅपच्या डब्यात तळाशी जातो आणि उरलेले पुढच्या ऑपरेशनला निघून जातात. म्हणून आधी विचारायचं, ‘शेवटचा ओके पीस कुठला?’ हा एक बदल घेऊन परत गेलं तरी फी वसूल.

टोयोटाच्या गाड्या जोडायच्या लाइनवर अडचण आली की कामगार जी दोरी ओढतो, तिचंही त्यांनी नीट सांगितलं. ती ओढली की लाइन जागच्या जागी थांबते, असं बरेच जण समजतात. खरं तर आधी टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या खुणेपर्यंत गाडी पोहोचायच्या आत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. हे जमतं, कारण तिथे पाच-सहा माणसांमागे एक टीम लीडर असतो. आपल्याकडे एका सुपरवायझरवर पंचवीस मशिन टाकली असतील, तर दोरी किंवा दिवा लावून काही होणार नाही. हाक मारून कोणी येत नाही हे कळलं की चौथ्या दिवशी ऑपरेटर हाक मारणं सोडतो. हा हिशेब मालकांसमोर मांडायला हवा होता. बॅचमध्ये मालक नसतात, ही कोर्सची मोठी उणीव.

दुपारनंतर पॅकहाऊस येतं आणि गाडी घसरते. ‘निर्णय टीमवर सोडा, मग चुकीतून शिका’ हाच सल्ला इथेही. मशीनशॉपमध्ये चूक तासाभरात दिसते. युरोपला समुद्रमार्गे जाणाऱ्या द्राक्षाची चूक तीन-चार आठवड्यांनी, कंटेनर तिकडे उघडल्यावर दिसते. तोवर तो लॉट भरणारी टोळी गावीही गेलेली असू शकते. कोणी काय शिकायचं?

कारणं इतकी ठरलेली आहेत की टेबलावर चर्चेला जागाच नाही. सकाळी गारव्यात तोडलेला माल उन्हात थांबला किंवा प्री-कूलिंगला (पॅकिंगनंतर लगेच गार करायला) उशिरा गेला, तर मण्याची आतली उष्णता निघायला वेळ लागतो. गरम माल बंद होऊन थंडीत गेला की पेटीत घाम सुटतो. बुरशी रोखायला पेटीत ठेवलेला सल्फर डायऑक्साइडचा पॅड त्या ओलाव्याने गॅस एकदम सोडतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. एखादा तडकलेला मणी पनेटमध्ये (द्राक्षाच्या छोट्या डबीत) राहिला तर बुरशी तिथूनच धरते. इथे नेतृत्व म्हणजे भिंतीवर लावलेला नमुना घड, काढायच्या मण्यांची चित्रं, तोडणीची वेळ लिहिलेली क्रेटवरची चिठ्ठी आणि चार तासांची मर्यादा ओलांडली की क्रेट बाजूला काढण्याचा पक्का हुकूम. माणूस प्रेमळ असावा, नियम सैल नसावा.

आणि मुकादम! दोन दिवसांत हा शब्द एकदाही आला नाही. पेठ-सुरगाण्याकडची टोळी मुकादमाच्या शब्दावर येते, उचल त्याच्याकडून घेते आणि मजुरी बऱ्याचदा पेटीवर किंवा किलोवर ठरते. अशा टोळीतल्या बाईला सुपरवायझरने बाजूला घेऊन ‘फीडबॅक’ दिला तर तिला ती बोलणी वाटतात, मुकादमाला आपला अपमान वाटतो, आणि दुसऱ्या दिवशी अख्खी टोळी शेजारच्या पॅकहाऊसला दिसते. शिवाय पैसे पेटीवर असतील तर ‘सावकाश, नीट करा’ हे सांगणं म्हणजे तिची मजुरी कापणं. दर्जा हवा असेल तर आधी दर बदलावा लागतो : रोजावर आणा, किंवा पेटीचा दर ठेवून परत आलेली पेटी मोजणीतून वजा करा आणि हे हंगामाआधी मुकादमासमोर ठरवा. वर्गातल्या पॅकहाऊसवाल्यांना हे सगळं ठाऊक असतं. त्यांना फळ्यापुढे बोलावलं असतं तर तास वाचला असता.

दुसऱ्या दिवशीचं हॉस्पिटलचं सत्र सगळ्यात उत्तम, कारण त्याला बाहेरून भूलतज्ज्ञ बोलावले जातात. कार्डिअ‍ॅक अरेस्टचा सराव पुतळ्यावर होतो. लीडर पलंगाच्या पायथ्याशी उभा, हात मोकळे, स्वतः छाती दाबत बसायची नाही. ‘अ‍ॅड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम, शिरेतून’ असं नाव घेऊन सांगायचं, सिस्टरने तेच उच्चारून परत सांगायचं, दिल्यावर ‘दिलं’ म्हणायचं. त्या दहा मिनिटांत हुकूमशाही चालते. मात्र संपल्यावरच्या चर्चेत सगळ्यात कनिष्ठ माणूस आधी बोलतो. एकाच माणसाने एकाच तासात दोन पद्धती वापरायच्या, हे बाकीच्यांनी इथे डोळ्यांनी पाहिलं. शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणली. तिच्यात सगळ्यांनी नाव आणि काम सांगायचं असतं, ते का, हेही इथे उमगतं. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे चूक दिसली तर बोलतो. १९७७ मध्ये तेनेरिफ या स्पेनच्या बेटावर धावपट्टीवरच दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसं गेली. धावपट्टी मोकळी आहे का, ही शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली होती, कॅप्टनने ती उडवून लावली. हे उदाहरण नेमकं इथेच ठेवलंय.

हॉटेलच्या किचनला अर्धा तास मिळतो. ऑर्डर मोठ्याने वाचायची, भटारखान्यातून ‘हो’ यायचं, यापलीकडे फारसं काही नाही.

एक गोष्ट अजिबात नाही आणि ती नाशिकमध्ये नसणं पटत नाही : गर्दी. २००३ च्या सिंहस्थात इथे चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २०२७ चा सिंहस्थ समोर आहे, आणि याच कारखान्यांतली नि हॉस्पिटलांतली माणसं स्वयंसेवक म्हणून उभी राहणार. गर्दीत पुढच्याला मागचा दाब दिसत नाही, मागच्याला पुढची अडचण दिसत नाही. म्हणून मागचा प्रवाह रोखण्याचा अधिकार पुढे उभ्या असलेल्या माणसाला आधीच दिलेला हवा. हे हॉस्पिटल आणि मशीनशॉप दोन्हींच्या शिकवणुकीत सहज बसलं असतं.

वर्ग मराठीत चालतो, वही मात्र इंग्रजीत. लाइन लीडरना ती वाचवत नाही. मशीनशॉपने एकट्या सुपरवायझरला न पाठवता प्लँट हेडलाही सोबत पाठवावं. हॉस्पिटलवाल्यांना दुसऱ्याच दिवसाचे पैसे भरता येतात का, ते विचारावं. पॅकहाऊसवाल्यांनी आणखी एक फी भरून मुकादमाला सोबत आणावं आणि बॅच दिवाळीनंतरची, डिसेंबर संपायच्या आतली घ्यावी. जानेवारीत तोडणी लागली की त्याला दोन दिवस कोणी सोडत नाही.