घरपोच भाडेकरार सेवा: उतरवलेलं भाडं पक्कं करायला किती कामाची?

दुकानात किंवा घरी लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येणारे भाडेकरार एजंट आता जळगाव, धुळे, भुसावळ इकडे सहज मिळतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन सोयीवर ते लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा, करार नोंदवून देतात. धंदा बसल्यामुळे गाळ्याचं भाडं उतरवून घेणाऱ्याच्या नजरेने या सेवेचा निकाल सांगायचा तर कागदासाठी उत्तम, घासाघिशीसाठी शून्य. ‘मालकाशी बोलून भाडंही कमी करून देतो’ म्हणणाऱ्याला त्याचे वेगळे पैसे देऊ नयेत. दलाली भाड्याच्या आकड्यावर ठरते, मग तो आकडा खाली आणण्यात त्याला काय रस?

मग कागदाची एवढी घाई का? मालक चांगला असतो, ‘सध्या चार हजार कमी द्या, नंतर बघू’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. मात्र आधीचा करार नोंदवलेला असेल तर त्यातली अट तोंडी बोलण्याने बदलली असं कोर्टात सहजासहजी म्हणता येत नाही. वर्षभराने मालकाचा मुलगा कारभार बघायला लागतो आणि कमी दिलेली रक्कम थकबाकी म्हणून डिपॉझिटमधून वळती होते. व्हॉट्सअॅपवरचा ‘ठीक आहे’ आणि बँकेतून गेलेली कमी रक्कम यांचा आधार असतो, पण तो तोकडा.

एजंटला फोन करण्याआधी बोलणी पूर्ण झालेली हवीत. त्यासाठी मंदीचं रडगाणं कमी आणि मालकाचा हिशेब जास्त मांडावा. खान्देशात कापसाला भाव नाही मिळाला की कापड, भांडी, मोबाइल सगळ्यांचा गल्ला बसतो, हे मालकालाही माहीत असतं. त्याला हवं ते उत्तर एवढंच: गाळा रिकामा पडला तर माझं किती जाईल?

समजा भाडं १८,००० आहे. नवा भाडेकरू मिळायला चार महिने लागले तर ७२,००० गेले, वर रंगरंगोटी, दलाली आणि बंद गाळ्याची घरपट्टी वेगळीच. त्याऐवजी हंगामी भाडं मागावं: जून ते सप्टेंबर १३,०००, उरलेले आठ महिने १६,५००. पेरणीपासून पोळ्यापर्यंत गावाकडचा पैसा बी-खतात अडकतो, दिवाळीनंतर कापूस निघाला की बाजार हलतो. हे भाडं त्या चालीने जातं. वर्षाचे १,८४,००० होतात, म्हणजे मालकाला ३२,००० कमी. दोन वर्षांचे मिळून ६४,०००, तरी चार महिन्यांच्या रिकाम्या शटरपेक्षा कमीच. बदल्यात दोन वर्षं गाळा सोडणार नाही, भाडं दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत बँकेतून देईन, असं सांगावं. मालकाला भाड्याइतकीच भाडेकरूच्या टिकण्याची किंमत असते. सोबत मागच्या दोन वर्षांचे जीएसटी रिटर्नचे आकडे आणि त्याच ओळीतल्या रिकाम्या गाळ्यांची यादी न्यावी. दोन महिन्यांचं भाडं थकवून मग सवलत मागायला जाणं सगळ्यात वाईट. तेव्हा मालक सवलतीचा नाही, वसुलीचा विचार करत असतो.

आता सेवेकडे. इथे एक मोठी अडचण आहे, जी एजंट आपणहून सांगत नाही. ऑनलाइन सोयीत नवा करार होतो. चालू करारातला भाड्याचा आकडा तेवढा दुरुस्त होत नाही. त्यासाठी दोघांनी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन पुरवणी करार नोंदवावा लागतो, नाहीतर जुना करार संमतीने संपवून नव्या भाड्याचा करार करावा लागतो. दुसरा मार्ग सोपा पडतो. पण जुना करार कोणत्या तारखेला संपला आणि त्याचं डिपॉझिट नव्या करारात जमा धरलं, या दोन्ही गोष्टी लेखी हव्यात. नाहीतर एका गाळ्याचे दोन चालू करार कागदावर राहतात.

खर्चाचा हिशेब स्वतः करून ठेवावा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारं व्याज, या बेरजेवर. वरच्या उदाहरणात २४ महिन्यांचे ३,६८,००० आणि एक लाख डिपॉझिटवर दोन वर्षांचे २०,००० मिळून ३,८८,००० होतात. शुल्क ९७० च्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५०० आणि दस्त हाताळणीचे ३००. एजंटने एकच गोळा आकडा सांगितला तर सरकारी किती आणि त्याचे किती, हे वेगळं लिहून मागावं आणि सरकारी पैसे भरल्याचं चलन स्वतः बघावं.

सेवेचा खरा फायदा अंगठ्यात आहे. गाळा अमळनेरला आणि मालक सुरत-पुण्याला, हे आपल्याकडे नेहमीचं. दोघांनी एका खोलीत बसण्याची गरज नसते. अंगठा आणि फोटो वेगवेगळ्या ठिकाणी घेता येतो. साक्षीदार दोन लागतात. अडतं ते म्हाताऱ्या मालकाच्या झिजलेल्या बोटांपाशी. आधार जुळत नाही, मशीन पुन्हा पुन्हा नकार देतं आणि शेवटी कार्यालय गाठावं लागतं. एजंटला बोलावण्याआधी आधार केंद्रात मालकाच्या बोटांचे ठसे अद्ययावत करून घेतलेले बरे. जुन्या पेठांमध्ये गाळा तीन भावांच्या नावावर असतो. सही मात्र जो भाडं घेतो त्या एकाचीच. सिटी सर्व्हेचा उतारा (मालकीची सरकारी नोंद) बघून सगळ्यांना करारात घ्यावं, किंवा मुखत्यारपत्र मागावं.

मसुदा वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये. एजंटकडे तयार नमुना असतो आणि त्यात ‘दरवर्षी १० टक्के वाढ’ निमूटपणे बसलेली असते. वेगवेगळ्या महिन्यांचं वेगळं भाडं लिहायची सोय फॉर्ममध्ये आहे, पण घाईत एकच सरासरी आकडा टाकला जातो. मागच्या सवलतीबद्दल अटींमध्ये हे वाक्य घालून घ्यावं: ‘अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत कमी स्वीकारलेलं भाडं मालकाने कायमचं माफ केलं असून त्याची बाकी नाही.’ ‘माफ’ हा शब्द नसेल तर ती रक्कम पुढे ढकलली, असा अर्थ काढायला वाट राहते.

नोंदणी नको, नोटरी पुरे, असं मालक म्हणाला तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ दाखवावं. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी त्याचीच आहे, आणि नोंदणी नसली तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. एवढं कळल्यावर बहुतेक मालक स्वतःच एजंटचा नंबर मागतात. खर्च निम्मा-निम्मा वाटायची पद्धत आहे.

काहींनी ही सेवा घेऊच नये. वडिलांच्या काळापासून पावतीवर भाडं देत आलेला जुना भाडेकरू थोड्या सवलतीच्या बदल्यात लिव्ह अँड लायसन्सवर सही करतो आणि भाडे कायद्याचं संरक्षण स्वतःच्या हाताने घालवतो. अशांनी आधी वकिलाला जुन्या पावत्या दाखवाव्यात. महापालिकेच्या गाळ्यांचा तर प्रश्नच निराळा; तिथलं भाडं पालिकेच्या ठरावाने आणि नियमाने ठरतं, त्यात एजंटचं काही चालत नाही.